ताईच्या प्रीत्यर्थ

आपण वारल्याची बातमी ताईला एका रविवारी दुपारी, पायाची पट्टी बदलताना कळली. ती आणली तिच्या सख्ख्या धाकट्या भावानंच, पिशवीत घालून, इस्त्रीची घडी मोडू न देता. ताईनं पट्टीचं टोक दातात धरलेलं होतं, त्यामुळे तिला लगेच काही बोलता आलं नाही.

पिशवीत टी-शर्ट होता. पांढरा, घाम चटकन सुकेल अशा कापडाचा. पाठीवर लिहिलं होतं, 'मधुमेहाविरुद्ध एकवीस किलोमीटर'. छातीवर ताईचा फोटो, ती कामाला होती त्या दुकानाच्या वर्धापनदिनाला काढलेला, केस काळे होते तेव्हाचा. फोटोभोवती करडी चौकट, दोन कोपऱ्यांत फुलं, आणि खाली ठसठशीत अक्षरात: 'ताईच्या स्मृतिप्रीत्यर्थ'.

ताईनं पट्टी सोडली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. भाऊ खाटेच्या कडेला बसून बोटं मोडत होता.

भावाला ती चिमण्या म्हणायची. आई गेली तेव्हा त्याचा जीव खरंच चिमणीएवढा होता. ताईनं शाळा सोडून बुटांच्या दुकानात नोकरी धरली आणि त्याला वाढवला. दुकानात पडून राहिलेले, कडेला पिवळे पडलेले बूट ती मालकाकडून मागून आणायची आणि पांढरा खडू घासून त्याच्या पायात घालायची. आता चिमण्या चांगला भरला होता. एका मोठ्या कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात साहेब झाला होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला होता, आणि त्याच्या जड शब्दांच्या हौसेला तिथे महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता.

तर घडलं ते असं. कंपनीनं हाफ मॅरेथॉनमध्ये भाग घ्यायचं ठरवलं. गरीब मधुमेही रुग्णांच्या पायांवर उपचार करणाऱ्या एका संस्थेला मदत मिळणार होती, आणि प्रत्येक धावणाऱ्यानं ओळखीपाळखीत फिरून देणगी गोळा करायची होती. चिमण्यानं सगळ्यांत आधी हात वर केला. टी-शर्टांचं कामही त्याच्याकडेच आलं, आणि कंपनीच्या सगळ्या धावणाऱ्यांच्या छातीवर ताईच असेल असं त्यानं ठरवलं. छपाईवाल्याला त्यानं मोबाइलवर फोटो आणि मजकूर पाठवला: 'ताईच्या प्रीत्यर्थ'. म्हणजे ताईच्या प्रेमाखातर. साधं 'ताईसाठी' लिहिलं असतं तर भागलं असतं, पण साधं लिहून प्रसिद्धी खात्यातल्या माणसाला झोप येत नाही. छपाईवाला म्हणजे फलक, पत्रिका, बिल्ले, जे येईल ते छापणारा माणूस. त्याच्या सगळ्या हयातीत 'प्रीत्यर्थ' हा शब्द आधी 'स्मृति' घेतल्याशिवाय एकदाही आलेला नव्हता. त्याला वाटलं, बिचारा दुःखात आहे, अर्धा शब्द राहून गेला. गिऱ्हाइकाच्या चुका न विचारता दुरुस्त करणं हा त्याच्या मते सेवेचाच भाग होता. त्यानं स्मृति घातली, स्मृतीबरोबर नेहमीची करडी चौकट घातली, फुलं घातली, आणि फुलांचे वेगळे पैसे लावले नाहीत.

ताई आधी हसली. अगदी पोट धरून हसली. बरं झालं, म्हणाली, माझ्यामागे तुझा खर्च वाचला, हाच टी-शर्ट टांगून ठेव भिंतीवर. मग चिमण्याही हसला आणि त्याच्या जिवात जीव आला. सगळ्या कंपनीचे टी-शर्ट छापून झाले होते, पुन्हा छापायला ना वेळ होता ना कुणाची तयारी. पण उद्याच्या उद्या सगळ्यांना सांगतो, म्हणाला. छोटी चूक आहे गं.

त्या घरात 'छोटी चूक' हे शब्द जरा जपून वापरायला हवे होते. बुटांच्या धंद्यात बारीक खिळ्याला चूक म्हणतात. ताईच्या स्वतःच्या बुटाच्या तळातून एक चूक वर आली होती, आणि ती दिवसभर त्या चुकेवर उभी राहून लोकांच्या पायात बूट घालत होती. साखरेनं पाय कधीच बधिर केले होते, तिला टोचलंच नाही. रात्री मोजा काढला तेव्हा मोजा अंगठ्याला चिकटलेला होता. आधी घरगुती मलम, मग दवाखाना, मग हॉस्पिटल. शेवटी डाव्या पायाचा अंगठा गेला, आणि त्याच्या सोबतीला शेजारचं बोट.

हॉस्पिटलात असताना चिमण्या एकदा आला होता. म्हणजे वॉर्डाच्या दारापर्यंत. तिथून त्यानं हात हलवला, डॉक्टरांशी बाहेरच बोलला, फळांची पिशवी वॉर्डातल्या मावशींकडे दिली आणि गेला. हॉस्पिटलचा वास त्याला सोसत नाही, लहानपणापासूनच सोसत नाही, असं ताईनंच मावशींना समजावून सांगितलं. काढता पाय घेण्यात तो पहिल्यापासून तरबेज होता. ताईचा पाय कापायचा ठरला म्हटल्यावर त्यानं स्वतःचा काढून घेतला, इतकंच. ऑपरेशननंतर ती दाराकडे तोंड करून झोपायची. मावशी म्हणायच्या, बाई, या कुशीवर झोपू नका, पाय दबतो. तरी ती झोपायचीच.

म्हणूनच ही शर्यत ठरली तेव्हा ताईला काय आनंद झाला होता, ते सांगायला हवं. चिमण्या स्वतः दुकानात आला होता, धावायचे बूट घ्यायला. ताईला आता मालकांनी गल्ल्यावर बसवलं होतं, खाली वाकायचं काम तिला नको म्हणून. पण त्या दिवशी ती काठी टेकत गल्ल्यावरून उठली, मालकांच्या वटारलेल्या डोळ्यांकडे दुर्लक्ष केलं आणि भावासमोर जमिनीवर बसली. त्याचा पाय हातात घेतला. अंगठ्यापुढे जागा किती राहते ते दाबून पाहिलं, टाच सरकते का ते पाहिलं, नाडी बांधून दिली. वरून तो म्हणाला, "ताई, तुझ्यासाठी पळतोय हं." तिनं मान वर केली नाही, कारण डोळे भरले होते आणि दुकानात गिऱ्हाईक होतं. पण ते एक वाक्य तिला पुढे कितीतरी दिवस पुरलं. पट्टी बदलताना पुरलं, रात्री पाय ठणकताना पुरलं. जो माणूस वॉर्डाचा उंबरा ओलांडू शकला नाही, तो तिच्यासाठी एकवीस किलोमीटर पळणार होता. तिनं मनातल्या मनात त्याला सगळं माफ करून टाकलं, त्यानं मागितलं नसतानाच.

चिमण्यानं दुसऱ्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही.

झालं असं, की तो तोंड उघडायच्या आतच मोठे साहेब त्याच्या टेबलाशी आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि काही न बोलता गेले. एवढ्या वर्षांत साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला नव्हता. मग इतर आले. देणगी म्हटलं की ज्यांना नेमका फोन यायचा, ते लोक आपण होऊन खिशात हात घालू लागले. जिवंत ताईच्या पायाला कुणी विचारलं नव्हतं. मेलेल्या ताईला पाहून माणसांचे हात सैल झाले. चिमण्याचं नाव देणगी गोळा करणाऱ्यांत सगळ्यांच्या वर गेलं. संस्थेच्या बाईंनी त्याला फोन करून सांगितलं, शर्यतीनंतर स्टेजवरून तुम्हीच बोलायचं. एवढं सगळं झाल्यावर 'अहो, ताई तशी बरी आहे' असं म्हणायला कसली तरी छाती लागते, आणि ती त्याच्याकडे नव्हती. तो मूग गिळून बसला.

ताईला हे कळलं परगावच्या मामांकडून. मामांना कुणीतरी मोबाइलवर तो फोटो पाठवला. त्यांनी घाबरून चिमण्याला फोन लावला, पण म्हातारपणी बोट भलतीकडे पडलं आणि तो ताईलाच लागला. मामा रडत विचारत होते, ताई कशी गेली रे? ताई म्हणाली, "मामा, मलाही आत्ताच कळतंय." म्हाताऱ्याच्या हातून फोन पडल्याचा आवाज तिनं स्पष्ट ऐकला. त्यांची समजूत घालता घालता तिला पुरे झालं, आणि फोन ठेवल्यावर हसू यायचं ते आलं नाही.

तिनं चिमण्याला बोलावून घेतलं. तो आला तो बायकोला घेऊन. भावजय तशी वाईट नव्हती, पण नवऱ्याची बाजू त्याच्यापेक्षा तिलाच चांगली मांडता यायची. ती म्हणाली, ताई, तुम्ही मोठ्या आहात, समजून घ्या. पैसे काही आम्ही घरी नेत नाही. तुमच्यासारख्यांच्याच पायांना ते लागणार. एवढी माणसं चांगल्या मनानं देतायत, आता उठून सांगायचं की चूक झाली, तर लोक म्हणतील फसवलं. संस्थेचंही नाव खराब. मग ती जे बोलली ते मात्र ताईच्या कायमचं लक्षात राहिलं. "आणि त्यानं तुम्हाला काय फरक पडतो? तुम्ही तर आहातच."

ताई चिमण्याकडे पाहत होती. तो टेबलावरच्या औषधांच्या बाटल्या एका ओळीत लावत होता.

"छोटी चूक होती ना रे?" ती म्हणाली.

"होती गं."

"माझा पायही छोट्या चुकेनंच गेला. टोचलं नाही म्हणून."

त्यानं हातातली बाटली खाली ठेवली. मग एकदम तिच्यापाशी सरकला आणि लहानपणी करायचा तसा तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाला, ताई, मी ठरवलंय. शर्यतीच्या दिवशी मला स्टेजवर बोलायचंय. तेव्हाच सांगतो, सगळ्यांसमोर. तू ये. दोरीपाशी, पुढेच उभी राहा. मी तुला वर बोलावतो आणि सांगतो की ही बघा माझी ताई, जिवंत आहे, छापणाऱ्याची चूक झाली. लोक चिडणार नाहीत, उलट आनंदानं टाळ्या वाजवतील. मेलेलं माणूस परत आलेलं कुणाला आवडणार नाही?

भावजयीनं नवऱ्याकडे चमकून पाहिलं, म्हणजे हे तिलाही नवीन होतं. ताईला मात्र ते पटलं. पटलं म्हणजे काय, तिला ते पटवून घ्यायचंच होतं. आपण जिवंत आहोत हे तिला कुणालाही ओरडून सांगता आलं असतं. मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी दुकानाबाहेर पाटी लावली असती. पण ते तिला स्वतःच्या तोंडून सांगायचं नव्हतं. ते चिमण्याच्या तोंडून यायला हवं होतं. एवढी एकच गोष्ट तिला त्याच्याकडून हवी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं, मनातल्या मनात का होईना, त्याच्याकडे काही मागितलं होतं.

शर्यत जवळ आली तशी दुकानात धावायच्या बुटांना मागणी वाढली. एक दिवस एक बाई आली, चिमण्याच्याच कंपनीतली असावी, कारण अंगात तोच टी-शर्ट होता. तिला बूट दाखवणारा मुलगा जेवायला गेला होता, म्हणून ताईच उठली. स्वतःचा चेहरा समोरून चालत येताना पाहणं हा काही रोजचा अनुभव नाही. ताई त्या चेहऱ्यासमोर स्टुलावर बसली आणि बाईच्या पायात बूट सरकवू लागली.

बाई बोलकी होती. आणि मुख्य म्हणजे खाली बसून बूट घालणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे कुणी पाहत नाही, तसं तिनंही पाहिलं नाही. तिनं आपणहून सगळी हकिकत सांगितली. ह्या आमच्या साहेबांच्या ताई. साखर होती, पण दुर्लक्ष केलं हो, अडाणी असतात बिचाऱ्या. पाय सडला, शेवटी सगळ्या अंगात गेलं. साहेबांनी मात्र फार केलं. महिनाभर हॉस्पिटलात उशाशी बसून होते, ऑफिसला सुट्टी टाकून. पट्ट्या स्वतःच्या हातानं बदलायचे. शेवटच्या क्षणी त्यांचाच हात हातात होता. ताई म्हणाल्या म्हणे, चिमण्या, तू माझ्यासाठी पळ. "ऐकताना आम्ही सगळ्या रडलो," बाई म्हणाली.

ताईच्या हातातली नाडी सुटली. तिनं ती पुन्हा धरली आणि बांधली. मरण तिनं एक वेळ चालवून घेतलं असतं. छपाईवाल्याची चूक होती ती, कुणाचीही झाली असती. पण हा उशाशी बसलेला भाऊ कुठून आला? तिनं दाराकडे तोंड करून ज्याची वाट पाहिली होती, जो आला नव्हता, त्याला यानं आता तिच्या उशाशी नेऊन बसवला होता. हातात हात दिला होता. वर त्याला 'चिमण्या' हे नावही दिलं होतं, जे तिच्याशिवाय जगात कुणी घेत नव्हतं. तिच्या तोंडी त्यानं वाक्य घातलं होतं आणि ते सांगून माणसं रडवली होती.

"पुढे जागा आहे ना बोटांना?" तिनं विचारलं. बाई म्हणाली, आहे, अगदी व्यवस्थित आहे. जाताना ती ताईला म्हणाली, तुम्हीही तपासून घेत जा हं साखर, वयाबरोबर काळजी घ्यायला हवी.

यानंतर खरं तर ताईनं जायला नको होतं. दुसरं कुणी असतं तर गेलंही नसतं. पण माणसाचं मन चिवट असतं, आणि ज्याला हातानं वाढवलं त्याच्या बाबतीत तर फारच. तिनं स्वतःशी त्याची वकिली केली. एका खोट्याला आधार द्यायला दुसरं बोलला असेल. लोक विचारत असतील, काय सांगणार बिचारा. शब्द दिलाय ना, स्टेजवर सांगतो म्हणून. एकदा ते सांगितलं की बाकीचं आपोआप गळून पडेल. शर्यतीच्या दिवशी तिनं ठेवणीतले कपडे काढले, केस नीट बांधले, डाव्या बुटात पुढे कापूस भरला आणि उजाडताच बस धरली.

शर्यत मोठ्या मैदानात संपायची होती. तिथे स्टेज होतं, कर्णे होते, पाण्याच्या बाटल्यांचे डोंगर होते, एका बाजूला मोफत पाय तपासणीचा तंबू होता. धावणाऱ्यांच्या वाटेला दोन्ही बाजूंनी दोरी बांधलेली. ताई दोरीपाशी, अगदी पुढे, पाय रोवून उभी राहिली. ऊन वर चढलं. डाव्या बुटात ओल जाणवावी असं काहीतरी होत असणार, पण तिला ते जाणवलं नाही.

मग माणसं येऊ लागली. लाल तोंडाची, फेस आलेली, लंगडणारी, हसणारी. चिमण्याच्या कंपनीची टोळी आली तेव्हा ताई एकाच वेळी पंचवीस-तीस अंगांवरून धावत आली. घामानं तिचा चेहरा ओला होऊन लोकांच्या पोटांना चिकटला होता. एकानं टी-शर्टाचं टोक वर घेऊन तिच्या कपाळानं आपलं नाक पुसलं. इतक्या जणांच्या छातीवर ती होती, आणि दोरीशी उभ्या असलेल्या बाईला कुणी ओळखलं नाही. एका भल्या माणसानं मात्र, काकू, उन्हात कशाला, म्हणून कुठूनतरी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली.

चिमण्या बऱ्याच उशिरा आला. डावा पाय ओढत होता, ओठ पांढरे पडले होते. त्याला तसं पाहिलं आणि ताईचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. ती उठून उभी राहिली. दमला गं माझा पोर, एवढंच तिच्या मनात आलं. त्यानंही तिला पाहिलं. नक्की पाहिलं, कारण त्याचं पाऊल अडखळलं. मग तो पुढे गेला.

थोड्या वेळानं त्याला स्टेजवर नेलं. मोठे साहेब होते, संस्थेच्या बाई होत्या, मागे ताईचा माणसाहून उंच फोटो होता, फुलांसकट. बाईंनी जमलेल्या रकमेचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, आधी आपण ताईंना एक मिनिट उभं राहून श्रद्धांजली वाहूया. सगळं मैदान उठलं. ताई नुकतीच पुन्हा खुर्चीत टेकली होती. शेजारच्या माणसानं तिच्याकडे पाहिलं, म्हणून तीही काठीवर भार टाकून उभी राहिली. मान खाली घातली. काय आठवावं ते तिला कळेना. आईची आठवण काढली. मधेच नसलेल्या अंगठ्याला खाज सुटली, तशी ती अधूनमधून सुटायची, आणि ती खाजवता येत नसे.

मिनिट संपलं. चिमण्याच्या हातात माईक आला. ताईनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि कपडे सारखे केले, कारण आता वर जायचं होतं. त्यानं मैदानभर नजर फिरवली आणि ती बरोबर तिच्यापाशी येऊन थांबली. तो तिच्याकडे पाहत होता, ती त्याच्याकडे. तिनं मान हलवली, लहानपणी तो शाळेत गोष्ट सांगताना अडखळला की हलवायची तशी. सांग, सांग.

"ताई आज असती," चिमण्या म्हणाला, तिच्याकडेच पाहत, "तर इथंच असती. समोर, दोरीला लागून उभी असती."

आणि त्याला रडू फुटलं. खरंखुरं रडू होतं ते, ताईनं त्याची सगळी रडणी पाहिलेली होती, तिला फरक कळत होता. साहेबांनी त्याला कवेत घेतलं. मैदान टाळ्यांनी दुमदुमलं. ताईच्या शेजारचा माणूस डोळे पुसत म्हणाला, भाऊ असावा तर असा.

भावजय गर्दीतून वाट काढत आली आणि ताईच्या दंडाला धरून तिला स्टेजच्या मागे घेऊन गेली. वाटेत बोलत होती, आज इतके लोक, साहेबांसमोर कसं सांगणार, पुढे कधीतरी निवांत सांगू. कनातीच्या आड चिमण्या खुर्चीवर बसला होता, डावा पाय पुढे टाकून. त्यानं डोळे वर केले.

"ताई, रागावू नकोस. खरंच सांगणार होतो. शब्दच फुटेना."

"फुटला की," ताई म्हणाली.

त्यानं वाकून डावा बूट चाचपला. मग पायाकडे बोट दाखवून म्हणाला, बघ ना जरा, बुटात काहीतरी टोचतंय, मगाचपासून जीव जातोय. असं मागण्याची त्याला लाज वाटली नाही आणि त्यात काही वावगं आहे असं तिलाही वाटलं नाही, इतकी ती दोघं जन्मभर तशीच वागत आलेली. ताई काठी ठेवून जमिनीवर बसली. नाडी सोडली, बूट काढला, आत हात घालून चाचपलं. तळाचं अस्तर चुरगळलं होतं, त्याची गाठ झाली होती. तिनं ते ओढून सपाट केलं. त्याच्या अंगठ्याला फोड आला होता. तिनं रुमालानं तो टिपला, त्याला दुखलं आणि त्यानं पाय मागे घेतला. त्याला दुखत होतं हे बरंच होतं म्हणायचं.

तेवढ्यात कनात सरकली आणि संस्थेच्या बाई मोठ्या साहेबांना घेऊन आत आल्या, मागे फोटो काढणारा. बाई हसून म्हणाल्या, अरे वा, सेवा चाललीय. मग ताईकडे नीट पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि विचारलं, "ह्या कोण?"

कनातीच्या आत सगळे थांबले. इथे मैदान नव्हतं, कर्णे नव्हते. दोन-तीन माणसं होती आणि एक छोटा प्रश्न होता. भावजयीनं तोंड फिरवलं. ताईनं बूट हातात धरून वर पाहिलं.

"ह्या होय?" चिमण्या म्हणाला. "ह्या बुटाच्या दुकानातल्या. माझे बूट यांनीच दिलेत. फार चांगल्या आहेत." आणि मग तिच्याकडे वळून, पण तिच्या डोळ्यांकडे न पाहता, "तुम्ही राहू द्या हं आता. थँक्यू."

बोबडं बोलायला लागल्यापासून त्यानं तिला अगं-तुगंशिवाय हाक मारली नव्हती. भांडताना नाही, लाडात नाही, लग्नात पाया पडतानाही नाही. जगातली बाकीची माणसं तिला अहो म्हणायची. परगावच्या मामांखेरीज तू म्हणणारा हा एकच उरला होता. त्यानं तिला मान दिला आणि त्या एका मानानं उठवून बाहेर काढलं.

ताईनं त्याच्या पायात बूट घातला. नाडी ओढली, दुहेरी गाठ मारली, सवयीनं अंगठ्यापुढे दाबून पाहिलं.

"झालं, साहेब," ती म्हणाली. "घट्ट वाटला तर सांगा."

काठी धरून ती उठली. कुणी हात दिला नाही, कारण फोटो काढणारा सगळ्यांना नीट उभं करत होता.

बाहेर आल्यावर तिचं चालणं पाहून तपासणीच्या तंबूतल्या नर्सनं तिला हाक मारली. या ना बाई, मोफत आहे. ताई गेली आणि खुर्चीत बसली. नर्सनं डावा बूट काढला तर आतला कापूस लाल झाला होता. नर्स घाबरली, म्हणाली, अहो, इतकं झालंय, दुखलं नाही का? ताई म्हणाली, नाही, मला कळतच नाही. नर्सनं जखम धुतली आणि पट्टी बांधता बांधता नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात आणखी कुणाला साखर?

"आईला होती."

"भावंडं?"

"एक भाऊ होता."

नर्सचा हात थांबला. तिनं मान वर केली. "होता?"

"होता," ताई म्हणाली.

"अरेरे. त्यांनाही साखरच का?"

"नाही," ताई म्हणाली. "तो पळायचा."

नर्सला काही उलगडलं नाही. तिनं हातमोजे बदलले आणि दुसरा पाय वर घ्यायला सांगितला.